हवेचें ओझें : शरीर, पंप, छप्पर आणि जुनी विहीर

महसूल खात्याच्या चाकरींत आमचें बहुतेक आयुष्य कागद लिहिण्यांत गेलें. वादळवाऱ्यानें नुकसान झालें कीं गांवोगांवचे पंचनामे तहसील कचेरींत येत आणि त्यांची छाननी करून तक्ते बांधण्याचें काम आमच्याकडे असे. पुष्कळदां साहेबांबरोबर जाऊन उडालेलीं छपरें डोळ्यांनीं पाहण्याचाही प्रसंग येई. नुकसानीच्या कारणाच्या रकान्यांत आम्ही सर्वत्र एकच शेरा लिहीत असूं : 'सोसाट्याच्या वाऱ्यानें पत्रे उडाले.' एकाच आळींतील एक गोठा उघडा पडतो आणि त्याला लागून असलेला, त्याच सुतारानें बांधलेला दुसरा गोठा शाबूत राहतो, हें असें कां, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं आणि आम्हांसही सुचला नाहीं. रकाना भरला म्हणजे काम संपलें.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच वैशाखांत वळवाच्या वाऱ्यानें आमच्याच गोठ्याचे सहा पत्रे उडाले, तेव्हां मात्र तो प्रश्न सुचला. वारा पश्चिमेकडून सुटला होता. 'वाऱ्याला वाट दिली म्हणजे छपरावरचा जोर कमी होईल' अशा समजुतीनें आम्हीच धांवत जाऊन गोठ्याचें पश्चिमेकडील मोठें दार उघडलें. दार उघडतांच छप्पर एखाद्या झांकणासारखें वर उचललें गेलें. एक पत्रा खालीं येतांना बैलाच्या पुढच्या पायाला लागला आणि त्या खरिपांत तो बैल औताला जुंपतां आला नाहीं. पलीकडे भाऊबंदांचा गोठा होता. त्याचें दार बंद होतें आणि त्याचा एकही पत्रा हालला नाहीं. आमचें शिक्षण खेड्यांतील मराठी शाळेपुरतें. तरी हायस्कुलांतील मास्तरांकडून पुस्तकें आणून व त्यांच्याजवळ बसून आम्हीं हा विषय समजून घेतला. जें समजलें तें शेतकरी बंधूंच्या उपयोगाचें आहे असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

हवेला वजन आहे

हवा डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून तिला वजन नाहीं असें आपण धरून चालतों. पण समुद्रसपाटीजवळील एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो भरतें. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी रिकामी खोली घेतली, तर तींतील हवेचेंच वजन सुमारें ३४ किलो होतें. अशी हवा आपल्या डोक्यावर अनेक मैल उंचीपर्यंत पसरली आहे आणि तिचा सारा भार खालच्या थरांवर पडतो. समुद्रकांठीं हा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलो, म्हणजे दर चौरस मीटरला दहा टन इतका असतो. यालाच हवेचा दाब म्हणतात.

हा दाब प्रथम मोजण्याची युक्ति इटलींतील टॉरिसेली यानें १६४३ सालीं काढली. एका बाजूनें बंद असलेली कांचेची नळी पाऱ्यानें भरून ती पाऱ्याच्याच भांड्यांत उलटी उभी केली, तर नळींतील सगळा पारा खालीं येत नाहीं. सुमारें ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ उभा राहतो. भांड्यांतील पाऱ्यावर बाहेरची हवा दाब देत असते आणि त्या दाबानेंच हा स्तंभ तोलून धरलेला असतो. पुढें १६४८ सालीं फ्रान्समध्यें पास्कल याच्या सूचनेवरून त्याच्या मेहुण्यानें पारा भरलेली नळी डोंगरावर नेऊन पाहिली. जसजसें वर जावें तसतसा पारा खालीं उतरूं लागला. वर गेल्यावर डोक्यावरची हवा कमी होते, म्हणून दाबही कमी होतो, ही गोष्ट त्या दिवशीं सिद्ध झाली. हल्लीं हवामानखातें हा दाब हेक्टोपास्कल या मापानें सांगतें. पूर्वीं त्यालाच मिलिबार म्हणत. समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल असतो.

येथें कोणीही विचारील कीं, दर चौरस मीटरला दहा टन भार असेल तर आपण चिरडून कसे जात नाहीं ? प्रश्न योग्य आहे. वाढलेल्या माणसाच्या सगळ्या अंगावर मिळून हा भार सोळा-सतरा टन भरतो. परंतु दाब केवळ वरून पडत नाहीं. तो सर्व बाजूंनीं सारखा असतो आणि आपल्या फुप्फुसांत, कानांत व शरीरांतील सर्व द्रवांतही तेवढाच दाब आंतून बाहेर रेटीत असतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत दहा-दहा टन असले म्हणजे तराजू हालत नाहीं. एका पारड्यांतील थोडें काढलें कीं मात्र तो कलतो. म्हणून वाचकांनीं एकच सूत्र ध्यानांत ठेवावें : काम करतो तो दाब नव्हे, तर दोन बाजूंच्या दाबांतील फरक.

याचा पडताळा घरीं पाहतां येतो. तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा स्वच्छ धुऊन, त्यांत भांडेंभर पाणी घालून, झांकण उघडें ठेवून उकळावा. वाफ भरपूर निघूं लागली कीं डबा विस्तवावरून खालीं उतरावा, मगच झांकण घट्ट बसवावें आणि वर थंड पाणी ओतावें. आंतील वाफेचें पाणी होतें, आंतला दाब नाहींसा होतो आणि बाहेरच्या हवेनें डबा कडकड वाजत आंत चेपला जातो. अशा डब्याच्या एका मोठ्या बाजूवर सुमारें ८०० किलोचा भार असतो. आंतून टेका होता म्हणून तो इतके दिवस जाणवला नव्हता. झांकण लावून डबा विस्तवावर मात्र कधींही ठेवूं नये. तसें केल्यास तो फुटून अंगावर येईल.

शरीरावर होणारा परिणाम

दाबांतील फरक शरीरांत प्रथम कळतो तो कानाला. कानाच्या पडद्यामागें एक लहानशी हवेची पोकळी असते आणि ती एका बारीक नळीनें घशाशीं जोडलेली असते. ही नळी एरवीं मिटलेली असते; आवंढा गिळतांना किंवा जांभई देतांना ती क्षणभर उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मुंबईहून पुण्यास येतांना बोरघाट चढून लोणावळ्यास पोंचेपर्यंत आपण सुमारें ६०० मीटर वर आलेले असतों आणि बाहेरचा दाब सात टक्क्यांनीं कमी झालेला असतो. कानाच्या पडद्याएवढ्या अर्धा चौरस सेंटिमीटर जागेवर हा फरक सुमारें तीन तोळ्यांचा होतो. पडदा बाहेर फुगतो, कान दडे बसल्यासारखे होतात आणि आवंढा गिळतांच 'टक्' असा आवाज होऊन मोकळे होतात. तान्हें मूल अशा वेळीं रडतें, त्यास अंगावर पाजावें. गिळण्यानें त्याचे कान सुटतात.

घाटापेक्षां विहीर अधिक कठीण. पाण्याखालीं दर दहा मीटर खोलीस दाब एका हवेइतका वाढतो. विहिरींत सूर मारून दहा फूट खोल गेलेल्या मुलाच्या कानावर घाटांतल्या फरकाच्या चौपट फरक पडतो आणि तोही मिनिटाच्या आंत. पडसें झालें असतां घशाकडील नळी सुजून बंद असते. दाब सारखा होण्यास वाटच राहत नाहीं. अशा स्थितींत बुडी मारल्यास पडदा फाटून कान वाहूं लागतो. उन्हाळ्यांत मुलें विहिरीवर जातात, त्यांस पोहूं द्यावें. परंतु नाक चोंदलेलें असतां सूर मारूं देऊं नये आणि कान दुखूं लागतांच वर यावें, असें बजावून ठेवावें.

उंच डोंगरावरची अडचण निराळी आहे. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण सर्वत्र सुमारें २१ टक्केच असतें. परंतु दाब कमी झाल्यामुळें एका श्वासांत येणारी हवाच विरळ असते. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच आहे. तेथें दम लागतो तो बहुतांशीं चढामुळें. परंतु केदारनाथ ३५८३ मीटर उंचीवर आहे आणि तेथील दाब समुद्रकांठच्या सुमारें दोन-तृतीयांशच असतो. आपल्याकडील पुष्कळ शेतकरी सुगी आटोपल्यावर चारधाम यात्रेस जातात, म्हणून हें मुद्दाम सांगतों. आमच्याबरोबर आमचे वडील मेहुणे आले होते. पायथ्याच्या मुक्कामाहून एका दिवसांत वर गेल्यावर त्यांचें डोकें भयंकर दुखूं लागलें, अन्नावरची वासना उडाली, रात्रीं ओकाऱ्या झाल्या. 'दाजी, देवाच्या दारांत आलां आहांत, थोडें सोसा' असें आम्हीच म्हणालों. पहाटे त्यांचा तोल जाऊं लागला, तेव्हां एका घोडेवाल्यानें आम्हांस खडसावलें आणि त्यांना खालीं नेण्यास लावलें. हजार मीटर उतरल्यावर ते आपण होऊन चहा मागूं लागले.

अडीच हजार मीटरांवर गेल्यावर असा त्रास कोणासही होऊं शकतो. तरणाबांड गडी त्यांतून सुटतोच असें नाहीं. वाटेंत मुक्काम करीत सावकाश चढावें. डोकें दुखून मळमळूं लागल्यास आणखी वर जाऊं नये. बसल्या जागीं धाप लागणें, भ्रम होणें किंवा तोल जाणें हीं लक्षणें दिसतांच, रात्र असो वा दिवस, रोग्यास खालीं उतरवावें व वैद्यकीय मदत घ्यावी. यांत विलंब केल्यास प्राण जातो.

त्याच उंचीवर डाळ शिजत नाहीं याचेंही कारण हेंच आहे. दाब कमी झाला कीं पाणी लौकर उकळतें. साधारण दर ३०० मीटर चढास उकळण्याचा अंश एकानें उतरतो. केदारनाथीं पाणी ८८ अंशांच्या सुमारास उकळतें आणि त्याहून अधिक तापत नाहीं. कुकरांत उलट आहे. शिटीच्या वजनामुळें आंत दाब वाढतो, पाणी आपल्याकडे १२० अंशांच्या जवळपास जातें आणि डाळ लौकर शिजते.

पंप पाणी 'ओढत' नाहीं

गेल्या एका उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या एका बागाईतदाराचा काठावरचा पंप पाणी देईनासा झाला. विहीर आटून पाणी ३२ फुटांवर गेलें होतें. एका दुकानदारानें सल्ला दिला कीं, तीन अश्वशक्तीची मोटर काढून पांचाची बसवा. त्यानें ती कर्ज काढून बसवली. वीज अधिक जळली, पाणी मात्र आलें नाहीं. 'भाऊसाहेब, मोटर दीडपट केली तरी पाणी चढत नाहीं, हें काय गौडबंगाल ?' असें तो आम्हांस विचारूं लागला.

गौडबंगाल कांहीं नाहीं. पंप पाणी ओढतो, ही आपली बोलण्याची रीत आहे. खरें पाहतां पंप फक्त नळींतील दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरींतील पाण्यावर दाब देणारी बाहेरची हवा. पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ जी हवा तोलते, तीच पाण्याचा १०.३ मीटर, म्हणजे सुमारें ३४ फूट उंच स्तंभ तोलूं शकते. त्याहून एक बोटही अधिक नाहीं. मोटर दहा अश्वशक्तीची बसवली तरी हवेचें वजन वाढत नाहीं. गॅलिलिओनें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत ओढपंपाच्या या मर्यादेचा उल्लेख केला आहे. म्हणजे ही अडचण पावणेचारशें वर्षांहून जुनी आहे.

शिवाय ३४ फूट हा कागदावरचा हिशेब झाला. नळींतील घर्षण, बांक, फूटव्हॉल्वची अडवणूक आणि पाण्याची होणारी वाफ यांत पुष्कळ जोर खर्ची पडतो. म्हणून पंप आणि पाणी यांत उभें अंतर वीस-बावीस फुटांहून अधिक ठेवूं नये. महाबळेश्वरासारख्या उंच पठारावर दाब सुमारें पंधरा टक्क्यांनीं कमी असल्यामुळें ही मर्यादा आणखी खालीं येते. त्या बागाईतदारानें अखेर विहिरींत अठरा फुटांवर थाळें बांधून जुनाच पंप खालीं उतरवला आणि त्याच दिवशीं पाटाला पाणी लागलें. नव्या मोटरीचे हप्ते मात्र त्यास पुढें फेडावे लागले. पाण्यांत बुडवून ठेवण्याच्या पंपास ही अडचण नसते, कारण तो पाणी खालून वर रेटतो. म्हणूनच शेंकडों फूट खोल बोअरमधून तो पाणी देऊं शकतो.

दुसरी गोष्ट सांध्यांची. ओढनळीच्या सांध्यास केसाएवढी भेग असली तरी बाहेरची हवा आंत शिरते व दाबांतील फरक नाहींसा होतो. भरणीच्या नळींत गळती असली तर पाणी बाहेर दिसतें. ओढनळीची गळती दिसत नाहीं, कारण तेथें पाणी बाहेर येत नसून हवा आंत जात असते. पंप पाणी सोडूं लागला कीं मोटर खोलण्यापूर्वीं फूटव्हॉल्व आणि ओढनळीचे सांधे तपासावेत.

छप्पर वर कां उचललें जातें

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. वाऱ्यानें छप्पर ढकललें जातें असें आपणांस वाटतें. वास्तविक हलकें छप्पर बहुधा वर उचललें जातें. वारा भिंतीवर आदळून वर उसळतो आणि वळचणीच्या कडेवरून उडी मारून पलीकडे जातो. ओढ्याचें पाणी धोंड्यावरून उडी घेतें तेव्हां धोंड्याच्या पाठीशीं जशी पोकळी राहते, तशी पोकळी या उडीखालीं छपरावर तयार होते. तेथील दाब आंतल्या दाबापेक्षां कमी होतो. मग आंतली हवा छपराला खालून वर रेटते. ही ओढ कडेला, कोपऱ्यांवर आणि आढ्याजवळ सर्वांत अधिक असते. पंचनाम्यांत कोपऱ्याचे पत्रे प्रथम गेलेले दिसत, त्याचें कारण हें.

याचा हिशेब भारतीय मानक ब्यूरोच्या ८७५ क्रमांकाच्या मानकांत दिलेल्या सूत्रानें करतां येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. ताशीं ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला सुमारें १२ किलो, १०० किलोमीटर वेगास सुमारें ४७ किलो आणि १५० किलोमीटर वेगास सुमारें १०६ किलो भरतो. उलट अर्धा मिलिमीटर जाडीचा नालीदार पत्रा दर चौरस मीटरला चार-पांच किलोच वजनाचा असतो.

आतां दाराचा परिणाम पहा. सर्व बाजूंनीं बंद घरांत ताशीं १०० किलोमीटर वाऱ्याच्या वेळीं उताराच्या मानानें सपाट अशा छपरावर सरासरी ओढ दर चौरस मीटरला सुमारें ४७ किलो धरावी. वाऱ्याच्या तोंडचें मोठें दार उघडें असेल तर वारा आंत कोंडतो, आंतला दाब वाढतो आणि वरची ओढ व खालचा रेटा मिळून हा आंकडा सुमारें ७० किलोवर जातो. दहा फूट लांब व तीन फूट रुंद पत्र्यावर बंद घरांत सुमारें १३० किलो, तर उघड्या घरांत १९० किलोंहून अधिक उचल बसते. पत्र्याचें स्वतःचें वजन मात्र तेरा-चौदा किलो. आमच्या गोठ्याचे खिळे कदाचित् १३० किलोंस टिकले असते. ते १९० किलोंस टिकले नाहींत. वाऱ्याला वाट देण्यास गेलों आणि त्यास आंत कोंडून घेतलें, अशी आमची गत झाली.

पत्र्यावर धोंडे ठेवण्याची चाल गांवोगांव आहे. दहा किलोचा एक धोंडा या उचलीपुढें कांहींच नाहीं. एका पत्र्यास असे अठरा धोंडे लागतील. शिवाय पत्रा उडाला कीं धोंडा खालीं माणसांच्या व जनावरांच्या डोक्यावर येतो. आमच्या मतें ही चाल सोडावी हें बरें.

दुसरा एक समज असा आहे कीं, चक्रीवादळांत बाहेरचा दाब एकदम उतरतो आणि बंद घर फुटतें, म्हणून खिडक्या उघडाव्या. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें तेव्हां ताशीं १०० ते १२० किलोमीटर वेगानें वारे वाहिले. हजारों घरांचीं छपरें गेलीं व नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वादळाच्या पोटांत दाब कमी असतो ही गोष्ट खरी, आणि म्हणूनच चोहोंकडची हवा तिकडे धांव घेते. परंतु हा उतार कांहीं तासांत हळूहळू होतो आणि आपलीं घरें हवाबंद डबे नाहींत. कौलांच्या व दारांच्या फटींतून दाब आपोआप सारखा होत असतो. छपरें नेतो तो वारा. म्हणून वादळांत दारें-खिडक्या, विशेषतः वाऱ्याच्या तोंडच्या, घट्ट लावून अडसर घालावे. हरितगृहाचे बाजूचे पडदेही वारा वाढण्यापूर्वीं सोडून बांधावेत.

छपराची डागडुजी करतांना पुढील गोष्टी पाहाव्या. पत्रे साध्या खिळ्यांनीं न ठोकतां आंकड्याच्या बोल्टांनीं, रुंद वायसर घालून, आडव्या वाशास जखडावेत. कडेच्या, कोपऱ्याच्या व आढ्याच्या पट्टींत बोल्ट दुप्पट असावेत. नुसता पत्रा वाशास बांधून भागत नाहीं. वासा तुळईस, तुळई खांबास आणि खांब पायास लोखंडी पट्टीनें बांधलेला पाहिजे. सांखळीची एक कडी कच्ची असली तर तेथूनच ती तुटते. वळचण भिंतीबाहेर दीड फुटाहून अधिक काढूं नये. छपराचा उतार २२ ते ३० अंशांचा असावा आणि नवें घर बांधतांना शक्य तर दोनपाखीपेक्षां चौपाखी छप्पर करावें; त्यावर वाऱ्याची ओढ कमी बसते.

जुनी विहीर श्वास घेते

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तींत प्राणांशीं गांठ आहे. जमीन भरीव दिसली तरी तिच्या पोटांत भेगा व छिद्रें असतात आणि त्यांत हवा असते. कुजणारा पालापाचोळा, मुळ्या व सूक्ष्म जीव यांमुळें त्या हवेंतील प्राणवायु कमी होतो व कर्बद्विप्राणिद वायु वाढतो. बाहेरचा दाब वाढला कीं वरची हवा जमिनींत शिरते. दाब उतरला कीं जमिनींतली हवा बाहेर पडते. दाब एक टक्का उतरला तर जमिनींतील दर शंभर घनफूट हवेंतून एक घनफूट बाहेर येते. मोकळ्या रानांत ती वाऱ्यानें विरून जाते. परंतु खोल, अरुंद, बरेच दिवस वापरांत नसलेल्या विहिरींत ती तळाशीं साचते, कारण कर्बद्विप्राणिद वायु हवेच्या दीडपट जड असतो. काल जी विहीर निर्धोक होती ती आज ढगाळ, कोंदट, दाब उतरलेल्या दिवशीं घातक होऊं शकते, ती यामुळें.

आपल्याकडील जुन्या लोकांस याचा अनुभव होता. सांगलीजवळच्या हरिपूरचीं हळदीचीं पेवें प्रसिद्ध होतीं. अशा पेवांत उतरण्यापूर्वीं दिवा सोडून पाहण्याची चाल होती. प्राणवायु १६-१७ टक्क्यांच्या खालीं गेला कीं दिवा विझतो. दिवा विझला तर उतरूं नये हें निश्चित. परंतु दिवा जळत राहिला म्हणून आंत विषारी वायु नाहीं असें मात्र समजूं नये, आणि जेथें गाळ कुजून पेट घेणारा वायु झाला असेल तेथें दिवा सोडणेंच धोक्याचें. हल्लीं हवेंतील वायु मोजण्याचीं लहान यंत्रें मिळतात. सोसायटीनें असें एखादें यंत्र घेऊन ठेवल्यास तें पंचक्रोशीच्या उपयोगी पडेल.

विहिरींत उतरण्याआधीं पंख्यानें ताजी हवा बराच वेळ आंत सोडावी. उतरणाऱ्याच्या छातीस दोर बांधलेला असावा आणि त्यास ओढून घेण्यास वर निदान दोन गडी हजर असावेत. विहिरींत वा थाळ्यावर तेलाचें इंजिन चालवून खालीं काम करूं नये. त्याच्या धुरांतील वायु वासावांचून प्राण घेतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट : आंत उतरलेला मनुष्य एकाएकीं कोसळला तर दुसऱ्यानें त्याच्यामागें उडी घेऊं नये. बाप गेला म्हणून मुलगा उतरला, मुलगा गेला म्हणून चुलता उतरला, अशा तऱ्हेचे कागद चाकरींत आमच्या हातांखालून गेले आहेत. प्रत्येक वेळीं दोर बांधला असता तर पहिलाही वांचण्याचा संभव होता.

दाबाची वार्ता

हवेचा दाब रोज मोजून त्यावरून वादळाची सूचना देण्याचें काम १८७५ सालीं स्थापन झालेलें हवामानखातें करीत आलें आहे. त्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. पुढें १९४४ मध्यें ती दिल्लीस गेली, तरी पुण्यांतील त्या जागेस लोक अजून 'सिमला ऑफिस' असेंच म्हणतात. हल्लीं कांहीं मोबाइलांतही दाब मोजण्याची सोय असते. तो पाहणारांनीं एक ध्यानांत ठेवावें. आपल्या उष्ण प्रदेशांत दाब रोजच सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास थोडा चढतो आणि पहाटे व दुपारीं चारच्या सुमारास थोडा उतरतो. दुपारचा हा तीन-चार हेक्टोपास्कलचा उतार पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. पण चढण्याच्या वेळींही दाब उतरतच असेल तर हवामानखात्याची सूचना पाहावी, गोठ्याचीं दारें लावावीं आणि जुन्या विहिरींत त्या दिवशीं कोणासही उतरूं देऊं नये.

आज आमच्या हातांत पुन्हां तो पंचनाम्याचा कागद आला, तर 'सोसाट्याच्या वाऱ्यानें पत्रे उडाले' एवढें लिहून आम्ही थांबणार नाहीं. 'वाऱ्याच्या तोंडचें दार उघडें होतें. कडेचे बोल्ट अपुरे होते' असेंही लिहूं. वारा आपल्या हातीं नाहीं. दार आणि बोल्ट आहेत. आमच्या बैलाचा पाय आतां बरा झाला आहे, तरी चालतांना तो किंचित् लंगडतो आणि गोठ्याचें दार लावतांना रोज आम्हांस त्याची आठवण होते. वाचकांनीं येत्या वळवापूर्वीं एक दिवस काढून आपलें छप्पर शिडीवर चढून डोळ्यांनीं पाहावें, एवढीच विनंति.